कचेरीची भाषा आणि घराची भाषा : हैदराबाद संस्थानातील गोंड-सेवेचा एक अध्याय

१

गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. कायगावपाशी तिला प्रवरा येऊन मिळते, आणि पैलतीरावर टोके व प्रवरासंगम ही नेवासे तालुक्यातील गावे दिसतात. आज हे पात्र दोन जिल्ह्यांमधील सीमा आहे. परंतु १९४८ पर्यंत ती दोन राज्यांमधील सीमा होती. ऐलतीरावर निजामाचे हैदराबाद संस्थान, तर पैलतीरावर मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्हा. दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांची बोली एक, दैवते एक, सोयरिकीही एकमेकांत. तथापि नाव ओलांडून जाणाऱ्या माणसाला एक फरक तत्काळ जाणवे. नेवाशाच्या मामलेदार कचेरीत त्याचा अर्ज त्याच्याच भाषेत वाचला जाई. गंगापूरच्या तहसिलीत मात्र त्याच अर्जाला उर्दूचा वेष चढवावा लागे, आणि तो चढविणारा अर्जनवीस बहुधा त्याच्या घरचा नसे.

भाषेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या परिस्थितीचे वर्णन मराठीवरील अन्याय म्हणून केले आहे, आणि ते यथार्थ आहे. परंतु याच संस्थानात मराठी ज्या पायरीवर उभी होती, तिच्याही खाली काही भाषा होत्या. त्यांतील गोंडी व कोलामी या दोन भाषा बोलणाऱ्या कुटुंबांपर्यंत शासनाची मदत पोहोचावी म्हणून १९४० नंतरच्या दशकात आदिलाबाद जिल्ह्यात एक प्रयोग झाला. ज्यांची सेवा करावयाची, त्यांची भाषा, त्यांची नातेव्यवस्था व त्यांच्या एकत्र येण्याच्या जागा प्रथम समजून घ्यावयाच्या आणि मग मदतीची योजना आखावयाची, असे त्या प्रयोगाचे सूत्र होते. आज समाजकार्याच्या शास्त्रात या दृष्टीस सांस्कृतिक सक्षमता असे म्हणतात. ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील अनुभव मराठवाड्याच्या शेजारीच, आणि अंशतः मराठवाड्याच्या माणसांकडून, घेतला गेला होता. त्या अनुभवातून काय साधले आणि काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम संस्थानातील भाषांची उतरंड ध्यानात घेतली पाहिजे. १८८४ मध्ये हैदराबाद संस्थानात फार्सीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापन सुरू झाले, तेही उर्दू माध्यमातून. एका भारतीय भाषेतून सर्व उच्च ज्ञान देण्याचा तो धाडसी उपक्रम होता, आणि भाषांतराचे व परिभाषेचे जे कार्य तेथे झाले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. त्यामुळे खालच्या वर्गांत मराठी चालली, तरी वरच्या शिक्षणाचा आणि सरकारी नोकरीचा दरवाजा उर्दूनेच उघडत असे. कुलकर्ण्याचे गावदप्तर मराठीत राहिले, पण गावाबाहेर पडताच भाषा बदलत असे.

या व्यवस्थेचा परिणाम केवळ अभिमानाला धक्का बसण्यापुरता नव्हता. ज्याला नोटीस वाचता येत नाही, त्याला तिची मुदत कळत नाही. ज्याला पावती वाचता येत नाही, त्याला आपण काय भरले हे सिद्ध करता येत नाही. कचेरीची भाषा न कळणारा मनुष्य हक्कदार असूनही याचक होतो, आणि त्याच्या व कचेरीच्या मध्ये उभा राहणारा दुभाषी त्याचा मालक बनतो.

गंगापूरच्या शेतकऱ्याला हा अनुभव होता. परंतु त्याच्या बाजूला काही आधारही होते. गावातच कोणी शिकलेला असे, सीमेपलीकडे मराठी शाळा आणि वृत्तपत्रे होती, आणि मराठीला शतकांची लेखनपरंपरा होती. आदिलाबादच्या डोंगरातील गोंडाला यांतील एकही आधार नव्हता. तहसिलीची उर्दू त्याच्यापासून दोन मजले दूर होती. पहिल्या मजल्यावर, म्हणजे बाजारात, सावकाराच्या ओट्यावर आणि पटवाऱ्याच्या दप्तरात, त्याला जिल्ह्याच्या पश्चिमेस मराठी व पूर्वेस तेलुगू भेटत असे. गंगापुरात दबलेली मराठी उटनूरच्या डोंगरात दाबणारी भाषा झाली होती. हा विरोधाभास पुढील साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

३

आदिलाबाद हा १९०५ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी तो सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाई. गोदावरी, पैनगंगा, वर्धा व प्राणहिता या नद्यांच्या मधला हा डोंगराळ मुलूख गोंड, कोलाम, परधान, थोटी व नाईकपोड यांची वस्ती असलेला आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेची छाया या प्रदेशावर दीर्घकाळ होती. येथील राजगोंड हे नांगरटीची शेती करणारे, गावपाटील व मोकाशी यांची परंपरा सांगणारे लोक होते. त्यांना केवळ अरण्यात भटकणारे समजणे ही मोठी चूक ठरली असती, आणि ती चूक अनेक अधिकाऱ्यांनी केली.

गोंडांची शेती फिरती होती, म्हणजे एक जमीन काही वर्षे पेरून तिला विश्रांती द्यावयाची व दुसरी धरावयाची. लोकसंख्या विरळ व जमीन विपुल होती तोवर ही पद्धत निर्वेध चालली. महसुली दप्तरात मात्र विश्रांती घेणारी जमीन पडीक ठरली. जंगलखात्याने राखीव वनाच्या रेषा आखल्या, तेव्हा अशा अनेक जमिनी रेषेच्या आत गेल्या. १९२० नंतरच्या दशकात काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग झाला आणि बाहेरून येणाऱ्या शेतकऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा व सावकारांचा ओघ वाढला. त्यांना पट्टा म्हणजे काय हे ठाऊक होते. गोंडांपैकी पुष्कळांची वहिवाट मात्र ‘शिवाय जमाबंदी’ या सदराखाली होती. सारा भरावयाचा, पण जमिनीवर कायम हक्क नाही, असा त्या सदराचा अर्थ. हा शब्दच गोंडाला अपरिचित होता, मग त्यातील धोका तो कसा ओळखणार ?

असंतोषाचा स्फोट १९४० मध्ये झाला. आसिफाबादकडील जोडेघाट येथे कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. भीम व त्यांचे काही साथीदार त्यात मारले गेले. वनातून उठविलेल्या लोकांना जमीन मिळावी, ही या उठावामागील मूळ मागणी होती. बंड मोडल्यानंतर ते का झाले, असा प्रश्न संस्थानच्या शासनाला पडला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याने जी वाट धरली ती त्या काळाच्या मानाने असामान्य होती.

४

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ हे १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. नागा टेकड्यांतील कोन्याकांचा अभ्यास करून ते १९३९ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आले. महायुद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले व हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. तेथे त्यांनी प्रथम चेंचू, नंतर कोंडारेड्डी यांच्यात काम केले. १९४१ पासून त्यांचे लक्ष आदिलाबादकडे वळले. उटनूरच्या डोंगरातील मार्लवाई या गोंड गावात ते पत्नी बेटी यांच्यासह राहू लागले आणि गोंडी शिकले. संस्थानच्या मंत्रिमंडळात महसूल खाते सांभाळणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथाचे कर्ते होते. त्यामुळे अभ्यासकाचा अहवाल बासनात न पडता हुकुमात उतरण्याची शक्यता निर्माण झाली.

या दोघांच्या विचाराचे फलित म्हणजे १९४३ मध्ये मार्लवाई येथे सुरू झालेले गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र. त्याची रचना भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. बाहेरून शिक्षक आणून गोंड मुलांना उर्दू किंवा तेलुगू शिकविण्याचा सोपा मार्ग उपलब्ध होता. तो टाळून, थोडीबहुत मराठी अक्षरओळख असलेले गोंड तरुण शोधण्यात आले. त्यांनाच शिक्षक म्हणून तयार केले गेले. गोंडीत पहिली वाचनपुस्तके सिद्ध झाली व त्यांसाठी देवनागरी लिपी निवडण्यात आली. जिल्ह्याच्या त्या भागात मराठीमुळे देवनागरी अक्षर काहींच्या नजरेखालून गेले होते, हे या निवडीचे व्यावहारिक कारण. आधी आपल्या भाषेत वाचावयाचे व मग इतर भाषांकडे वळावयाचे, असा क्रम ठरला. संस्थानच्या मराठी मुलांनाही माध्यमिक शाळेत जी सवलत दुर्मीळ होती, ती येथे गोंड मुलांना प्राथमिक पायरीवर मिळाली.

या शाळांचा लाभ अक्षरज्ञानापुरता मर्यादित नव्हता. गोंड गावात पावती, नोटीस व सारापत्रक वाचू शकणारा एक मनुष्य निर्माण झाला, आणि तो गावचाच होता. दुभाष्याचे स्थान घरच्या माणसाने घेतले, ही या योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

शिक्षणाच्या जोडीला जमीन आली. ‘लावणी खास’ या पद्धतीने, म्हणजे लिलाव न करता व किंमत न आकारता, आदिवासी कुटुंबांच्या नावे पट्टे करण्याचे काम हाती घेण्यात आले. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत दीड लाख एकरांहून अधिक जमीन अशा रीतीने आदिवासींच्या नावावर चढली, व तिचा मोठा हिस्सा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४६ मध्ये आदिवासी क्षेत्रांसाठी वेगळा कायदा करण्यात आला. आदिवासींच्या किरकोळ तंट्यांचा निवाडा त्यांच्याच पंचांनी त्यांच्याच भाषेत करावा, हे तत्त्व त्या कायद्याच्या अनुषंगाने मान्य झाले.

५

या कार्यात मराठवाड्याचा वाटा कोणता, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर सेतुमाधवराव पगडी यांच्या चरित्रात सापडते. १९१० मध्ये निलंगा येथे जन्मलेले पगडी महाराष्ट्राला शिवकालाचे व मोगल साधनांचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत. फार्सी-उर्दूवरील त्यांच्या प्रभुत्वाची साक्ष त्यांची भाषांतरे देतात. तथापि हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबाद जिल्ह्यात समाजसेवा खात्याचे विशेष अधिकारी म्हणून काम केले, आणि त्या काळात गोंडी व कोलामी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या, याचा उल्लेख तुलनेने कमी होतो. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेले कोलामी भाषेचे व्याकरण व त्यानंतरचे गोंडीचे व्याकरण ही त्या काळाची फळे होत. एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९५५ चा. त्याची सामग्री वर्धा जिल्ह्यात गोळा झाली होती. तेव्हा आदिलाबादच्या कोलामीचे व्याकरण एका महसुली अधिकाऱ्याने स्वतंत्रपणे लिहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

ही व्याकरणे शुद्ध जिज्ञासेपोटी लिहिली गेली असे मानले, तरी त्यांचा सेवेशी असलेला संबंध स्पष्ट आहे. एखाद्या समाजाच्या भाषेचे व्याकरण जाणणे म्हणजे त्याच्या घरातील नात्यांची मांडणी जाणणे. ‘सगा’ हा शब्द घ्या. मराठीत सगा म्हणजे सख्खा, रक्ताचा. गोंडीत मात्र सगा म्हणजे अनेक कुळांचा एक मोठा गट. हे गट चार आहेत. येरवेन, सरवेन, सीवेन व नालवेन या त्यांच्या नावांत सात, सहा, पाच व चार या गोंडी संख्या दडलेल्या आहेत. एका सग्यातील स्त्री-पुरुषांचा विवाह होत नाही, मग त्यांच्यात आठवता येईल असे नाते असो वा नसो. केवळ मराठीच्या बळावर चौकशी करणारा अधिकारी ‘तुमचे सगे कोण ?’ असे विचारील, तर त्याला उत्तर मिळेल, पण ते त्याच्या प्रश्नाचे नसेल. वारसाची नोंद, अनाथ मुलाचा सांभाळ, विधवेचा हक्क यांसारख्या बाबतींत अशा एका शब्दाच्या गैरसमजाने कुटुंबाचे नुकसान होऊ शकते. समान उच्चार असलेले शब्द परक्या शब्दांपेक्षा अधिक फसवे असतात, कारण ते कळले असा भास होतो.

संख्यांचे उदाहरणही बोधप्रद आहे. गोंडीच्या पुष्कळ बोलींत सातापुढील संख्या शेजारभाषांतून घेतलेल्या आढळतात. म्हणजे मोठा हिशेब हा बाजाराच्या भाषेतच होई, आणि त्या भाषेचा मालक सावकार असे. गोंडाला हिशेब कळत नाही, असा निष्कर्ष काढणारे निरीक्षक हे विसरत की त्याला परक्या भाषेत हिशेब करावयास लावले जात होते.

भाषेप्रमाणे स्थळाचाही विचार झाला. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळील केसलापूर येथे मेसराम कुळाच्या नागोबाची यात्रा भरते व दूरदूरचे गोंड तेथे जमतात. हैमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने या यात्रेतच अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. लोकांना कचेरीत बोलावण्याऐवजी कचेरी लोकांच्या यात्रेत गेली. तहसिलीच्या पायरीवर बुजणारा मनुष्य आपल्या दैवताच्या अंगणात आणि आपल्या भाऊबंदांच्या देखत निर्भयपणे बोलतो, हे साधे पण मर्माचे निरीक्षण त्यामागे होते. हा दरबार आजही भरतो.

६

येथवरच्या वर्णनावरून एखाद्यास असे वाटेल की ‘आदिवासींची भाषा शिका’ एवढाच या प्रयोगाचा धडा आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. गोंड हे नावच इतरांनी दिलेले, ते स्वतःस कोइतोर म्हणवतात. त्यांच्याबरोबर राहणारे परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. गोंडांच्या दैवतांच्या व कुळांच्या कथा गोंडीतून गाणे हा त्यांचा वंशपरंपरागत अधिकार. पण आदिलाबादच्या परधानांच्या घरात बोलली जाणारी भाषा प्रायः मराठी. कोलामांची भाषा तिसरीच आणि धर्मकृत्यांतील त्यांचे स्थान वेगळे, कारण गोंडही काही स्थानिक दैवतांच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्यास पाचारण करतात. एकाच खोऱ्यातील या तीन समाजांना ‘आदिवासी’ हे एकच सरकारी नाव लावून तिघांसाठी एकच पुस्तक व एकच योजना ठरविणे, म्हणजे तिघांपैकी दोघांना पुन्हा परके करणे होय.

हा प्रश्न भारतापुरता नाही. अमेरिकेत स्पॅनिशभाषक कुटुंबांमध्ये काम करणाऱ्या समाजसेवकांना तो तंतोतंत याच रूपात भेटला. १९८० च्या जनगणनेत तेथे ‘हिस्पॅनिक’ हे सदर देशभर सर्वांना विचारण्यात आले. त्या एका नावाखाली १८४८ च्या तहाने अमेरिकेत आलेल्या प्रदेशातील जुने मेक्सिकन रहिवासी, प्वेर्तो रिकोचे नागरिक, क्युबाचे निर्वासित व मध्य अमेरिकेतून आलेले मजूर असे परस्परभिन्न लोक एकत्र आले. या कुटुंबांत आजी-आजोबा, काका, धर्मपिता यांचा निर्णयांत मोठा वाटा असतो, आणि कागदापेक्षा ओळखीच्या माणसावर विश्वास अधिक. केवळ आई, बाप व मूल यांनाच कुटुंब मानणाऱ्या कचेरीला हे उमगण्यास वेळ लागला. रुग्णालयात व कचेरीत आईबापांसाठी लहान मुलांनी दुभाषी व्हावे, अशी पाळी अनेकदा आली. त्यामुळे जी गोष्ट मुलाने ऐकू नये तीच त्याच्या तोंडून वदवली गेली. अमेरिकेतील समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००१ मध्ये सांस्कृतिक सक्षमतेचे निकष स्वीकारले, त्यांमागे असा दीर्घ अनुभव उभा होता. स्पॅनिश दुभाषी नेमल्यावरही प्रश्न संपला नाही. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातून किंवा ग्वातेमालातून आलेल्या अनेक कुटुंबांची घरची भाषा स्पॅनिश नसून मिश्तेक किंवा माया कुळातील असते. त्यांच्या दृष्टीने स्पॅनिश ही मधल्या मजल्याचीच भाषा. आदिलाबादेत जे स्थान मराठीचे, तेच तेथे स्पॅनिशचे !

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण अमेरिकेच्या मार्गानेच आले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते मुंबईच्या नागपाड्यातील वस्तीकेंद्र चालवीत होते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे ते पहिले संचालक झाले. त्या विद्यालयाचे अध्यापन इंग्रजीत होते. मार्लवाईचा प्रयोग मात्र व्यावसायिक समाजकार्याच्या बाहेर, मानववंशशास्त्र आणि महसुली कारभार यांच्या संगमावर घडला. कदाचित यामुळेच समाजकार्याच्या इतिहासात त्याची दखल अपुरी राहिली.

७

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. हैमेनडॉर्फ पुढे लंडनला अध्यापनासाठी गेले. पगडींच्या बदल्या झाल्या, व महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते मुंबईत गॅझेटियरच्या संपादनात गुंतले. समाजसेवा खाते काही काळ चालले. पण ज्या ज्ञानाच्या आधारे ते चालत होते, ते मोजक्या व्यक्तींच्या ठायी होते. खात्याच्या नियमांत, नोकरीच्या अटींत किंवा प्रशिक्षणाच्या पाठ्यक्रमात ते पुरेसे उतरले नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली. मराठवाड्याच्या दृष्टीने हा मुक्तीचा क्षण होता. गंगापूरच्या तहसिलीत मराठी प्रजेची भाषा आणि कचेरीची भाषा एक होण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु याच दिवशी गोंडांचा प्रदेश भाषेच्या नावाने विभागला गेला. आदिलाबादचा मोठा भाग आंध्र प्रदेशात गेला. किनवट व राजुरा हे तालुके मराठी मुलूख म्हणून अलीकडे आले. किनवट नांदेड जिल्ह्यात राहिला व राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. सीमेच्या एका बाजूस गोंड मुलाची शाळा तेलुगू झाली, दुसऱ्या बाजूस मराठी. मार्लवाईची गोंडी पुस्तके दोन्हीकडे मागे पडली. भाषेच्या आधारे राज्ये आखताना ज्या भाषेला राज्य नाही तिचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे ३५० अ हे कलम घटनेत घातले. पण गोंडीला त्याचा लाभ क्वचितच झाला. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश आजतागायत नाही.

जमिनीच्या बाबतीतही उलट प्रवाह सुरू झाला. नावावर चढलेली जमीन कर्जापोटी, फसवणुकीने किंवा अडाणीपणाचा फायदा घेऊन पुन्हा हातची गेली. १९७० नंतरच्या दशकात हैमेनडॉर्फ पुन्हा या भागात आले, तेव्हा त्यांना जे दिसले त्याचे विषण्ण वर्णन त्यांनी १९८२ च्या ग्रंथात केले आहे. त्याआधी एकच वर्ष, एप्रिल १९८१ मध्ये, इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात अनेकांचे प्राण गेले. जोडेघाटनंतर ४१ वर्षांनी, जवळपास त्याच कारणासाठी. सेवेचे ज्ञान व्यक्तीबरोबर निघून गेले की अन्याय आपली जुनी जागा पुन्हा घेतो, याचे हे दुःखद प्रमाण आहे.

या इतिहासाला एक अनपेक्षित पुरवणीही आहे. २००६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी एका स्वतंत्र गोंडी लिपीतील हस्तलिखिते प्रकाशात आली. ती परधान कुटुंबांनी जपून ठेवली होती. २०१८ मध्ये या लिपीचा समावेश युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत झाला. १९४३ च्या योजनेत या लिपीला स्थान नव्हते. गोंडीला लिपी नाही, म्हणून देवनागरी द्यावी, असे त्या काळी मानले गेले, आणि ते सद्‌भावनेने मानले गेले. परंतु ज्या परधानांची घरची भाषा मराठी म्हणून गोंडी शिक्षणाच्या विचारात त्यांना मध्यवर्ती स्थान मिळाले नाही, त्यांच्याच पेट्यांत गोंडीचा लिखित वारसा होता. सहानुभूती असलेल्या आणि भाषा शिकलेल्या सेवकालाही समाजाविषयी सर्व काही कळते असे नव्हे. म्हणून जाणकारीच्या जोडीला विचारण्याची सवय कायम ठेवावी लागते.

८

या अध्यायाचा निष्कर्ष दोन विधानांत मांडता येईल. पहिले असे की, सेवकाने भाषा शिकणे आवश्यक आहेच, पण त्याहून अधिक परिणामकारक उपाय म्हणजे त्या भाषेच्या माणसालाच सेवक करणे. मार्लवाईचे सर्वांत टिकाऊ फळ व्याकरणे वा अहवाल नव्हेत, तर पावती वाचणारे गोंड शिक्षक होते. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा हाच विचार बाहेरच्या तज्ज्ञाविना, आतून उगवलेला दिसला. दुसरे विधान असे की, हे ज्ञान व्यक्तीच्या ठायी न राहता संस्थेच्या नियमात उतरले पाहिजे. दुभाष्याची नेमणूक, भाषा जाणणाऱ्या कर्मचाऱ्यास बढतीत प्राधान्य, नोंदीच्या फॉर्मात घरच्या भाषेचा रकाना, या गोष्टी नीरस वाटतात. पण अधिकारी बदलून गेल्यावर मागे राहतात त्या ह्याच.

हे विवेचन किनवट वा उटनूरपुरते नाही. गंगापूर तालुक्यातच १९८० नंतर वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली आणि तेथे उत्तरेकडील राज्यांतून आलेली कामगार कुटुंबे राहू लागली. तालुक्यात दखनी उर्दू घरांत बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. गोरमाटी बोलणारा बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो, तर सीमेपलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातींत. म्हणजे एकच कुटुंब गाव बदलताच सरकारी नावही बदलते. या कुटुंबांतील आई अंगणवाडीत, दवाखान्यात किंवा तलाठ्याच्या कार्यालयात येते, तेव्हा तिच्यासमोरची कचेरीची भाषा मराठी असते. एके काळी गोदावरीच्या ऐलतीरावर जी भाषा अर्ज घेऊन ताटकळत उभी होती, ती आज अर्ज स्वीकारणाऱ्या टेबलामागे बसली आहे. अर्ज घेऊन उभे राहणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ती स्मृती जिवंत असलेल्या पिढीचे ज्ञान टेबलामागच्या पिढीला मिळाले, तर मार्लवाईचा निम्म्यावर राहिलेला प्रयोग गंगापुरात पुढे नेता येण्यासारखा आहे.